तुतीचे झाड तक्त्याबाहेर राहिले त्याची हकीकत

हे लिहिणे खरे आणि साक्षीसहित असे. वृक्षखात्यावर शुक्रवारी सकाळी मोठाच प्रसंग गुदरला, तो गणतीबाईंनी कैसा निभावला, हे ज्यास ठाऊक नाही त्यास ठाऊक व्हावे आणि ज्यास ठाऊक आहे त्याने वाढवून सांगू नये, सबब कलम धरिली.

गणतीबाई म्हणजे वृक्षगणतीच्या मुख्य लेखनिक. त्यांनी दोन वर्षे गल्लीबोळ पायाखाली घालून आणि कुत्र्यांशी झुंजी देऊन, झाडामागे एक ओळ याप्रमाणे चौदा लक्ष एकोणीस हजार झाडे दप्तरी चढविली आणि ती फाईल मोठ्या साहेबांचे हवाली केली. मग साहेबांनी ती आपल्या संगणकावरील तक्त्यात उघडिली. त्या तक्त्याच्या मुलखाची हद्द दहा लक्ष अठ्ठेचाळीस हजार पाचशे शहात्तर ओळी. त्यापुढे पानही हलावयाची परवानगी नाही. यंत्राने अदबीने अर्ज केला की फौज फार, मुलूख थोडा, बाकीची झाडे बाहेर राहिली. साहेबांनी रिवाजाप्रमाणे न वाचता 'ओके' दाबिले आणि फर्मान सोडिले की, यादीत असेल ते झाड, नसेल ते झाडच नव्हे.

हे वर्तमान ऐकून रस्तेखात्यास हर्ष मावेना. शेवटच्या प्रभागात कोपऱ्यावरची जुनी तुती त्यांच्या रुंदीकरणाच्या आड येत होती. तिचे नाव यादीत धुंडिले, ते नाही. मग अकरा वाजता करवतीची गाडी कूच करून गेली. तुतीखाली गणतीबाईंची सख्खी मावशी खुर्ची टाकून बसली होती. तिने तातडीने फोन लाविला.

"अगं, हे म्हणतात इथं झाडच नाही. मग मी बसलेय कोणाच्या सावलीत?"

"मावशी, उठू नकोस!"

"उठतेय कशाला! गुडघे कुठे साथ देतात?"

मावशीने ऐसा नाका रोखिला, आणि इकडे बाईंनी तक्ता तळापर्यंत पालथा घातला, तो खाली अभेद्य तट. उरलेली झाडे त्याखाली चिकटवू पाहिली, यंत्राने साफ नकार दिला. मग दुसरे पान उघडून सारी फौज एकदम आत लोटिली, तो पडदा पांढराफटक पडला, आतला पंखा आक्रोश करू लागला आणि तक्ता आपणहून मिटला. दोन वर्षांची पायपीट, आणि एक तुती हाती लागेना!

शेजारी दप्तरखान्याचे काका डबा उघडून बसले होते. तीस वर्षे कागद सांभाळिलेला माणूस. ते घास गिळून म्हणाले, "गोदामातला सगळा माल कुणी फळीवर मांडतं का गं? माल राहू दे गोदामात. गिऱ्हाईक मागेल तेवढाच काढ."

बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यांनी मूळ फाईल जागची न हलविता तिजशी नुसता दुवा जोडिला, आणि हुकूम धाडिला की फक्त शेवटच्या प्रभागाने हजर व्हावे. चाळीस सेकंदांत नऊ हजार झाडे शिस्तीने दाखल जाहली, आणि त्यांत मूळ ओळ चौदा लक्ष सोळा हजार दोनशे चार: तुती, घेर दोन मीटर, प्रकृती उत्तम.

बाई कागद घेऊन साहेबांसमोर उभ्या ठाकल्या.

"पण माझ्या यादीत नाही ना ती!"

"साहेब, तुमच्या अंगणातलं लिंबूही नाही. प्रभाग तोच. करवत तिकडे आलीच आहे, तर..."

साहेबांनी सही इतक्या त्वरेने केली की कागद फाटता फाटता वाचला. मग बाई स्कूटरवर स्वार होऊन रणभूमीवर पोहोचल्या, आणि करवतवाल्याने कागद दोनदा वाचून करवत गाडीत टाकिली. जाता जाता घुटमळून तो म्हणाला, "बाई, आमच्या दारात एक बदाम आहे. तो असेल का हो यादीत?" बाईंनी फोनवरून काकांकरवी शोध घेतला. तोही तटाबाहेरच उभा होता, परी मूळ फाईलीत त्याचा क्रमांक सापडला.

येणेप्रमाणे फत्ते जाहली, तिची नोंद ऐसी: पाडाव झाडे, एकही नाही. जखमी, मावशीच्या खुर्चीचा एक पाय, तो मावशीने गुडघे विसरून करवतीपुढे उगारिता मोडला. करवतवाल्याने बदामाचा क्रमांक तळहातावर लिहून नेला, आणि वाटेत दोनदा मूठ उघडून पाहिला. मोहीम तमाम.