एका सिनेमाचे दोन शेवट आणि वर्तकभावजी

अगं, ये इकडे, अशी जवळ बस. इतके दिवस फिरकली नाहीस आणि आता दारातूनच पळायला बघतेस? बस. शेजारच्या वर्तकभावजींचं सांगते.

वागळे इस्टेटच्या एका कारखान्यात तीस वर्षं स्क्रू तपासले या माणसाने. रिटायर झाले, पण जाडी मोजायचं व्हर्नियर खिशातच. मी पुरणपोळी दिली तर तीही मोजतात! "वहिनी, डाव्या कडेला जाड आहे. पण पास!" कोणी काही बोललं की, "तपासून बोला." स्वतःची चूक? जन्मात कबूल केली नाही. बायको नाही, मूल नाही. परदेशी सिनेमे दाखवणारं एक फिल्म सर्कल आहे, त्याचा प्रोजेक्टर तेवढा ते चालवायचे.

आमचे हे गेले, त्याला चार महिने झाले होते. गुरुवारी भावजी म्हणाले, "घरात किती बसाल? रविवारी सिनेमाला या. कोरियन आहे." दिग्दर्शक म्हणे फार वादग्रस्त. शनिवारी खेळ ठाण्याला, रविवारी आपल्या डोंबिवलीला. रिळांचे तेच डबे, मशीनवर तेच भावजी.

खालची इंग्रजी अक्षरं मी वाचेपर्यंत पळायची. एक कोळी आणि त्याची बायको, एवढं कळलं. मग त्याचं प्रेत किनाऱ्यावर आलं, पडद्यावर कोरियनमध्ये काहीतरी उमटलं, दिवे लागले, भावजींनी रीळ बदललं, आणि बघते तर काय, हा बाबा जिवंत! बायकोसमोर बसून भात खातोय, हसतोय. तिथेच संपला. मी चक्रावले. शेजारचे प्राध्यापक मात्र डोळे पुसत म्हणाले, "काळाची काय मोडतोड केलीय!" म्हटलं, आपल्याला काय कळतंय?

पुढच्या आठवड्यात ठाण्यात खोपटला सर्कलच्या दोन्हीकडच्यांची चर्चा. ठाणेकर तापलेले. "निर्दय माणूस! बाईला प्रेतापाशी सोडतो आणि सिनेमा संपवतो."

"अहो, शेवटी तो भात खातो! याला करुणा म्हणतात," प्राध्यापक उसळले.

"भात? तुम्ही झोपलेलात!"

"तुम्ही बस पकडायला आधीच उठलेलात!"

मला तर वाटलं, दिग्दर्शकच दोन असावेत. शेवटी सगळ्या माना भावजींकडे वळल्या.

ते उभे राहिले. "डोंबिवलीत चौथं रीळ आधी लावलं, तिसरं नंतर. ते कोरियन अक्षर म्हणजे 'समाप्त' होतं. चूक झाली."

सर्कलचे सेक्रेटरी म्हणाले, "यापुढे प्रोजेक्टर दुसरं कोणी बघेल." भावजींनी प्रोजेक्टरच्या कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली. प्राध्यापक अजून पुटपुटत होते, "चूक असेल, पण थोर चूक!"

परतताना बसमध्ये मी विचारलं, "भावजी, तुम्ही आणि चूक? मला नाही पटत."

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "शनिवारी तो शेवट बघितला आणि धसकाच घेतला. तुम्हाला बोलावलेलं मीच. रीळ गाळलं असतं तर लोकांनी पकडलं असतं. म्हटलं, निदान घरी जाताना वहिनींच्या डोळ्यांसमोर..." मी म्हटलं, "मी उद्याच सर्कलमध्ये सांगते." तर म्हणाले, "तुमचं दुःख सभेत कशाला न्यायचं? राहू दे."

तेव्हापासून रविवारी संध्याकाळी गॅलरीत नुसते बसून असतात. म्हणून म्हणते, या रविवारी नक्की ये. त्यांच्याशी त्या दिग्दर्शकावरून भांड जरा. बाजू कुठलीही घे.