सोला ट्रम्पेट

सोलापुरात जन्मून जो माणूस शेंगाचटणीला हात लावत नाही, त्याच्याशी शेजारधर्म कसा पाळायचा? आम्ही या घरात राहायला आलो तेव्हा शेजारच्या मल्लूअण्णांकडे मी वाटीभर चटणी घेऊन गेले. त्यांनी वाटी दोन बोटांनी लांब सारली.

"अक्का, वाईट वाटून घिऊ नका. तिखटानं ओठ फुटत्यात. आन् ओठ गेला की मल्लिनाथ गेला."

कडक भाकरीसुद्धा हा गृहस्थ दुधात लगदा होईपर्यंत भिजवून खातो, कारण तिची कड ओठाला लागते. ओठांना सकाळ-संध्याकाळ तूप. हसायचं तेही बेतानं. मी घरी येऊन यजमानांना म्हटलं, नखरे तरी किती करावेत माणसानं.

ते ओठ ट्रम्पेट वाजवणाऱ्याचे आहेत हे मला नंतर कळलं. तीस वर्षं मल्लूअण्णा लग्नाच्या बँडमध्ये पुढे उभे राहून वाजवत होते. आणि ती तीस वर्षं, माझा अंदाज आहे, ते संतापलेलेच असावेत. त्यांच्या रागाचं एक ठरलेलं वाक्य आहे: "इरली, पण चालणार न्हाय." इरली म्हणजे कानडीत असू दे. एकदा असू दे म्हणायचं आणि त्याच दमात चालणार नाही म्हणायचं. नळाला पाणी उशिरा आलं, इरली, पण चालणार न्हाय. रिक्षाचा हॉर्न बेसूर असला तर रिक्षा थांबवून ते तसं रिक्षावाल्याला सांगतात. एकदा एकानं उलट यांनाच झापलं, तर त्याचा आवाज सुरात आहे म्हणून यांनी ऐकून घेतलं.

बँड सोडला तोही असाच. मालकानं चाकांच्या गाडीवर कीबोर्ड आणि मोठाले स्पीकर बसवले आणि ट्रम्पेटवाल्यांना सांगितलं, तुम्ही नुसतं ओठाला लावून चाला, आवाज मशीन काढतंय. अण्णा भर वरातीत थांबले.

"फुकायचं न्हाय तर धरायचं कशाला? ही काय छत्री हाय?"

त्यांनी लाल कोट काढला, नीट घडी केली आणि कीबोर्डवर ठेवला. पितळी बटणांच्या वजनानं कीबोर्डातून एकच सूर बराच वेळ निघत राहिला म्हणतात. अण्णा बनियनवर घरी चालत आले. या बाबतीत मी ठामपणे त्यांच्या बाजूची आहे. त्या मालकाचा विषय निघाला की आजही माझं डोकं फिरतं. वाजवणाऱ्याला नटवून मुक्यानं मिरवायचं, हा कुठला न्याय?

तर अण्णा सोलो झाले. हा शब्द त्यांनी टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत ऐकला होता. कोणी बँडवाले म्हटलं की म्हणायचे, "बँड न्हाय. सोलो." मग व्हिजिटिंग कार्ड छापायचं ठरलं. मी हायस्कुलात मराठी शिकवते, म्हणून छापण्याआधीचा नमुना तपासायला माझ्याकडे आला. मल्लिनाथमधला ल्लि मी दोनदा पाहिला. छापखान्यानं 'सोलो ट्रम्पेट'मधली एक मात्रा खाल्ली होती, ती मात्र पाहिली नाही. कार्डं आली ती 'सोला ट्रम्पेट' अशी. मुलांच्या वहीत अशी चूक दिसली तर मी ती दहा वेळा लिहायला लावते.

त्यातलंच एक कार्ड मी करमाळ्याला धाकट्या दिरांना दिलं. त्यांच्या मुलीचं लग्न होतं. भावजींनी फोनवर विचारलं, "सोला ट्रम्पेटच ना?" अण्णा म्हणाले, "व्हय, सोलोच." सोळाला सोला म्हणणारे आमच्या जिल्ह्यात काही कमी नाहीत. भावजींनी सोळा फेटे आणले.

लग्नाच्या सकाळी अण्णा आणि मी एसटीतून उतरलो. भावजी आमच्या मागे बघत राहिले.

"वहिनी, बाकीचे कुटं हायत?"

"कोण बाकीचे?"

"पंधरा जणं."

मग जे व्हायचं ते झालं. अपमान झाला, वरपक्ष काय म्हणेल, आत्ताच्या आत्ता डीजे बोलावतो. एवढं सगळं त्या माणसाच्या तोंडावर, जो महिनाभर भाकरी दुधात कालवून या दिवसाची तयारी करत होता. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, चूक माझी आहे, बोलायचं ते मला बोला, आणि डीजे आला तर मी जेवायला थांबणार नाही. थोरल्या वहिनीनं उपाशी जाणं भावजींना परवडणारं नव्हतं.

अण्णांनी एक फेटा बांधून घेतला. उरलेले पंधरा आमच्याच घरातल्या पुरुषांनी डोक्यावर चढवले. मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत नवरदेवापुढे सोळा फेटे चालले आणि वाजवणारा एक. पहिली ओळ अशी निघाली की दुकानांतली माणसं रस्त्यावर आली. आणि अण्णा थांबले. ट्रम्पेट ओठावरून खाली घेतलं, डावीकडे पाहिलं, मग पुढची ओळ. पुन्हा थांबले. मांडवापर्यंत हेच. "म्हाताऱ्याला दम लागतोय," म्हणून फेटेवाले हसायला लागले. मला लाज वाटली आणि तिचाही रागच आला.

परतीच्या एसटीत मी तो काढला. "अण्णा, सलग वाजवायला काय झालं होतं? दम पुरत नाही का?"

"दम लई हाय, अक्का."

"मग?"

"मधली ओळ बसप्पाची हाय की."

बसप्पा म्हणजे बँडमधलं दुसरं ट्रम्पेट. सव्वीस वर्षं अण्णांच्या डाव्या हाताला उभे. अण्णांनी एक ओळ टाकायची, बसप्पांनी तिला जवाब द्यायचा.

"गेले का ते?" मी हळूच विचारलं.

"जातंय कशाला? कुंभारीत ऱ्हातोय. तितंच हाय बँडमदी, नुसतं ओठाला लावून चालतोय. दोन पोरी हायत उजवायच्या. त्यानं कोट कसा काढावा?"

"मग ती ओळ तुम्ही वाजवा. येत नाही का?"

"येती की." अण्णांनी मांडीवरचं ट्रम्पेट पिशवीत घातलं. "त्याला गप केलं मालकानं. आता मीबी त्याची ओळ घिऊ? उद्या आला तर त्यानं उभं कुटं ऱ्हायचं?"



अण्णा रोज सकाळी गच्चीवर वाजवतात, नेमक्या माझ्या स्वयंपाकाच्या वेळी. एक ओळ, मग मोकळी जागा, मग एक ओळ. आमच्या कुकरची शिट्टी हमखास त्या मोकळ्या जागेत व्हायची. आता पहिली ओळ संपत आली की मी गॅस बारीक करते. बसप्पांची ओळ पुरी होऊ देते, आणि मगच मोठा करते.