पाणी बघून घर

संयोगिताला सांगलीत पालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात नोकरी लागली आणि उंब्रजच्या घरात पेढ्यांच्या आधी वादच वाटले गेले. सांगलीत राहायचं कुठं? नवरा शिवतेज पलटणीबरोबर सीमेवर. त्यामुळे घर शोधायची मोहीम सासऱ्यांनी, म्हणजे निवृत्त सुभेदार लालासाहेबांनी, आपणहून अंगावर घेतली.

सासूबाई बनुबाईही सुनेबरोबर राहायला जाणार होत्या. त्यांची अट सरळ होती. "नळाला पाणी धो धो पायजे. मापानं पाणी वापरायचं आमाला जमायचं न्हाई."

संयोगिताची अट वेगळी होती. "आबा, मी कुठल्या खात्यात आहे ते कुणाला सांगू नका. नाहीतर पहाटेपासून दारात घागरींची रांग लागेल."

"पोरी, पलटणीची गुपितं पोटात ठिवल्यात मी," सुभेदार म्हणाले. "ह्ये काय घिऊन बसलीस?"

रविवारी तिघं सांगलीत उतरली. नदीकडच्या वस्तीतलं पहिलं घर झकास होतं. दारात बदाम, ओट्याला काळा ग्रॅनाइट. सुभेदारांनी मालकाला खालच्या खोलीतच गाठलं. "पूर आला तवा पाणी कुठवर आलं हुतं?"

"लय न्हाई. खिडकीपतूर."

"ह्या खिडकीपतूर?"

"न्हाई, वरच्या मजल्याच्या."

सुभेदारांनी मागच्या मागे कूच केलं.

दुसरं घर गावाबाहेर उंचावर होतं, चंद्रतारा कॉलनीत. मालक नाथाजी खाली राहायचे आणि वरचा मजला भाड्यानं द्यायचा होता. "हितं यायचं म्हंजे कृष्णामाईला रिक्षा करावी लागंल," नाथाजी म्हणाले. सुभेदारांना माणूस आवडला.

बनुबाईंनी मात्र आधी मोरीतला नळ सोडला. नळ दोनदा खोकला, करंगळीएवढी धार आली आणि तीही लाजून आत गेली.

"सकाळी लय येतं," नाथाजी घाईघाईनं म्हणाले.

"आत्ता सकाळच हाय की," सुभेदार म्हणाले. "आन् खाली भुंग्यावाणी कसला आवाज येतोय?"

"जुना फ्रीज हाय आमचा."

मालकाच्या शब्दावर विसंबायचं नाही, आजूबाजूला चौकशी करायची, असा सुभेदारांचा नियम होता. ते सुनेला घेऊन खाली गल्लीत उतरले. समोरच्या फाटकात रंगुबाई नळी लावून स्कूटर धूत होत्या.

"वैनी, हितं पाण्याचं प्रेशर कसं असतंय?"

रंगुबाईंनी नळी खाली केली. "तुमी कोण? पाणी खात्याचं का?"

"मी न्हवं," सुभेदार म्हणाले. ते खरंच होतं. पण नोकरीत कधी खोटं न बोललेल्या त्या माणसानं 'मी'वर इतका जोर दिला की रंगुबाईंची नजर सरळ संयोगिताकडं गेली.

"मग ह्या?"

सुभेदार विजेच्या तारेवर बसलेला कावळा बघू लागले. संयोगिताला ह्यापेक्षा त्यांनी दवंडी पिटली असती तर बरं, असं वाटलं.

रंगुबाई नळी टाकून आत पळाल्या. मागच्या दारातून शेजारणीला घातलेली त्यांची हाक ऐकू आली, "आगं मंगल, पाणी खात्याच्या मॅडम आल्यात! मोटर काढ आधी!"

सरकारी नळाला थेट मोटर लावून पाणी ओढणं हा गुन्हा, हे कॉलनीत सगळ्यांनाच ठाऊक होतं. एकेका घरातला भुंगा गप्प होत गेला. नाथाजींचा फ्रीजसुद्धा बंद पडला. ते बनुबाईंना "आलोच" म्हणून खाली गेले आणि शर्ट भिजवून परत आले.

तेवढ्यात वर बनुबाईंची किंकाळी ऐकू आली. सुभेदार दोन-दोन पायऱ्या चढत धावले. मोरीतला नळ उघडाच राहिला होता आणि पाण्यानं बनुबाईंना डोक्यापासून न्हाऊ घातलं होतं.

"ह्येच घर!" पदर पिळत त्या म्हणाल्या. "दुसरं बघायचं न्हाई!"

"पण आई, हे पाणी..." संयोगिता बोलू लागली. बनुबाई तोवर तुळस कुठं ठेवायची ते ठरवत होत्या.

तिघांचं बिऱ्हाड आलं. पाणी रोज असं यायचं की बनुबाई गरज नसताना चादरी धुवायच्या. दारात एकही घागर आली नाही. पण माणूसही आलं नाही. बनुबाई गॅलरीत आल्या की समोरच्या बायका आत जायच्या. भाजीवाल्यापाशी चाललेल्या गप्पा त्यांना बघून थांबायच्या.

"काय ही माणसं!" त्या सुभेदारांना म्हणायच्या. "दिसभर मी काय भिंतीसंगट बोलू व्हय?"

महिना झाला न झाला तोच पालिकेतल्या साहेबांनी संयोगिताला उद्यान विभागाकडं पाठवलं. सकाळी फिरताना नाथाजींनी सुभेदारांना विचारलं, "मॅडम दमत आसतील, न्हाई? एवढ्या गावाचं पाणी म्हंजे..."

"छ्या! आता बागा हायत तिच्याकडं. झोपाळं, घसरगुंड्या."

नाथाजी जागीच थांबले. "म्हंजे, पाणी न्हाई?"

"पाणी न्हाई," सुभेदार सहज म्हणाले.

त्या दोन शब्दांचा अर्थ त्यांना दुसऱ्या दिवशी कळला. सकाळी नळ दोनदा खोकला आणि गप्प झाला. खालून भुंग्याचा आवाज येत होता. सुभेदार बाह्या सारून जिन्याकडं निघाले, तोच दारावरची बेल वाजली.

दारात रंगुबाई होत्या, हातात गरम धपाट्यांचा डबा. मागं मंगल आणि आणखी चार-पाच बायका. "महिना झाला, यायचं यायचं म्हनत हुते," रंगुबाई म्हणाल्या. "वैनी, आता तुमी आपल्यातल्याच!"

बनुबाईंचा चेहरा खुलला. सतरंजी अंथरली गेली. रंगुबाईंचं माहेर उंब्रजच्या शेजारचंच निघालं आणि मग बोलायला उसंत उरली नाही. सुभेदारांनी बायकोचं ते हसू बघितलं आणि सारलेल्या बाह्या परत खाली ओढल्या.

नाथाजीही वर आले. त्यांनी संयोगिताला बाजूला घेतलं. "मॅडम, तुमच्यासाठी अर्ध्या एचपीची मोटर बघून ठिवलीया. आजाबात आवाज न्हाई."

"काका, मी पालिकेत आहे!"

"म्हनूनच बिनआवाजाची बघितली."

"बसा, चा टाकते," म्हणत बनुबाई आत गेल्या आणि रिकामं पातेलं घेऊन तशाच बाहेर आल्या. रंगुबाईंनी ते त्यांच्या हातातून मायेनं काढून घेतलं.

"थांबा वैनी, मी आनते," त्या म्हणाल्या. "आमच्यात आज लय आलंय."