सरांची बेटकुळी

जुन्या विद्यार्थ्यांच्या मेळाव्याचं पत्र आलं आणि विज्ञानाच्या निवृत्त सरांचं जेवणावरून लक्ष उडालं. पत्राखाली लाल शाईत लिहिलं होतं, ‘सर, बेटकुळी दाखवायचीच!’

तीस वर्षं सर स्नायूंचा धडा एकाच पद्धतीने शिकवत आले होते. बाही वर सारायची, हात कोपरात वाकवायचा आणि म्हणायचं, "बघा रे! पुढचा द्विशिरस्क आखडला की मागचा त्रिशिरस्क सैल पडतो. स्नायू फक्त ओढतो, ढकलत कधीच नाही. ढकलाढकली तुम्ही करता!" मग श्वास रोखून सर बेटकुळी काढत आणि वर्ग टाळ्यांनी दुमदुमून जाई.

आता आरशासमोर बाही वर केली, तर दंडावर नुसती सुरकुती उमटली.

"आठ दिवस आहेत. बादली कुठंय?" सरांनी बायकोला विचारलं.

"भरलेली की रिकामी?"

"भरलेली. उचलायचीय."

"मग दोन्ही बादल्या भरून उचला. झाडांना तरी पाणी होईल."

व्यायामाने स्नायूचे तंतू किंचित तुटतात, विश्रांतीत सांधले जातात आणि जाड होतात, हे सरांनीच शिकवलेलं. पण विश्रांतीला सवड कुणाला होती? सरांनी शास्त्रशुद्ध तडजोड केली. मेळाव्यापर्यंत नुसती तोडातोड करायची, सांधणं नंतर बघता येईल.

आठव्या दिवशी दोन्ही हात कोपरात वाकले ते वाकलेच.

"अहो, हात सरळ करा. सदरा जात नाहीये."

"होत असते तर केले नसते?"

"मग त्या द्विशिरस्काला सांगा ना, सैल पड म्हणून!"

"ऐकत नाही तो."

"तुमच्याच वर्गातला दिसतोय."

मेळावा जुन्याच वर्गात होता. बाकं तेवढीच होती, पोटं मात्र बाकांत मावत नव्हती. "बेटकुळी! बेटकुळी!" असा गलका झाला. सरांनी बाही सारायला दुसरा हात नेला. तो अर्ध्या वाटेत अडकला.

आपली एवढी एकच गोष्ट या पोरांच्या लक्षात राहिली होती, आणि आज तीही जाणार होती.

"बाळांनो," सर कसेबसे म्हणाले, "बेटकुळी गेली रे माझी."

पहिल्या बाकावरून बोका उठला. वर्गातलं त्याचं नाव बोका, आता हाडांचा मोठा डॉक्टर.

"सर, ती तेव्हाही नव्हती."

"काय?"

"मी नापास झालो म्हणून हा धडा दोनदा ऐकला. दोन्ही वर्षं याच बाकावरून शोधली. नुसतं हाड दिसायचं. म्हणून तर या धंद्यात पडलो!"

"मग त्या टाळ्या?"

"तुमचा चेहरा लालबुंद व्हायचा, सर. टाळ्या पडल्याशिवाय तुम्ही श्वासच सोडायचा नाहीत. भीती वाटायची हो आम्हाला!"

सर एकेका टकलाकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा हळूहळू लाल होऊ लागला.

पोटं सावरत सगळा वर्ग घाईघाईने टाळ्या वाजवू लागला.