सही जुळत नाही

जावयाने लॅपटॉपचं तोंड सासऱ्यांकडे, म्हणजे घड्याळजींकडे वळवलं आणि त्यांचा चहा तसाच राहिला. त्यांचे पैसे शेअर बाजारात गुंतवणारा सल्लागार अठरा वर्षं दरसाल शेकडा एक घेत होता. त्याला मध्ये न घेता पैसे बाजारात नुसते ठेवले असते, तर आज सहा लाख जास्त असते. डोळे थकले की याच पुंजीवर नवराबायकोला दिवस काढायचे होते, म्हणून खातं बंद करायचं ठरलं.

अडचण एकच होती, घड्याळजींची सही. पूर्वी चार वेळा ते सगळे पैसे काढायला गेले होते. चारही वेळा सल्लागाराने फॉर्म उजेडात धरून सांगितलं, सही जुळत नाही, हात थरथरलाय, आठ दिवसांनी या. आठ दिवसांत दुकानात कामाची रीघ लागायची आणि विषय मागे पडायचा. पण तेव्हापासून घड्याळजींनी सहीची धास्तीच घेतली. मुलीच्या लग्नाच्या नोंदणीलासुद्धा ते आदल्या दिवसापासून सराव करत होते.

या वेळी त्यांनी आठवडाभर सह्या गिरवल्या. बिलांच्या पाठी भरल्या, कॅलेंडर भरलं. बायकोने वाणसामानाची यादी उलटली तर मागे चाळीस सह्या. "एवढ्यात एखादं प्रेमपत्र लिहून झालं असतं," ती म्हणाली.

सल्लागाराने फॉर्म घेतला, जावयाचा हिशेबही शांतपणे वाचला.

"बरोबर आहे हिशेब. फक्त हा अठरा वर्षं पैशाला हात न लावणाऱ्या माणसाचा आहे. तुमचा हा इथे आहे."

त्याने कपाटातून चार पिवळे पडलेले फॉर्म काढले. प्रत्येकावर तारीख होती, आणि प्रत्येक तारखेला बाजार पार झोपलेला होता. पहिल्याच वेळी पैसे काढले असते तर आजच्या निम्मेही उरले नसते.

घड्याळजींनी सवयीने खिशातलं भिंग डोळ्याला लावलं. केसाएवढी स्प्रिंग बसवणारी नजर ती. एकेक सही त्यांनी नव्या सहीशेजारी ठेवून पाहिली. वळण तेच, टोक तेच. हात कधी थरथरलाच नव्हता. हा भला माणूस चार वेळा तोंडावर खोटं बोलला होता, आणि त्या खोट्यावर त्यांचं म्हातारपण सुखाने उभं होतं. त्यांना भरून आलं. भिंगाच्या आत डोळा ओला झाला आणि सगळ्या सह्या पुसट दिसू लागल्या.

"साहेब, तुमचे फार उपकार आहेत," ते कसंबसं म्हणाले.

"ते असू द्या. आजची सही मात्र जुळते हं," सल्लागार म्हणाला आणि त्याने शिक्का उचलला. "करू बंद?"

घड्याळजींनी फॉर्म हळूच त्याच्या हाताखालून ओढून घेतला, उजेडात धरला आणि बराच वेळ मान हलवत राहिले.

"नाही जुळत, साहेब. आठ दिवसांनी येतो."