भोईरकाकांचे रुळावरचे सोबती

भोईरकाकांनी सख्ख्या साडूला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढलं, ते इंजिनाच्या एका आकड्यावरून. साडूने तीनच्या जागी आठ लिहिला होता. बिचाऱ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं, पण काका म्हणाले, "मंग ऑपरेशन झाल्यावर फोटो टाकाचा व्हता."

काका नारपोलीत माझ्या शेजारच्या घरात राहतात. पॉवरलूमचे फिटर होते. हजार धाग्यांतला तुटलेला एक धागा शोधण्यात जन्म गेला, त्यामुळे बरोबर असलेल्या नऊशे नव्व्याण्णवांकडे बघायची सवयच राहिली नाही. काकू गेल्या, मुलगी लग्न होऊन वापीला गेली आणि काका भिवंडी रोड स्टेशनवर जाऊन मालगाड्यांचे फोटो काढू लागले. 'रुळावरचे सोबती' हा ग्रुप त्यांनीच काढला. फोटोखाली इंजिनाचा नंबर, ठिकाण आणि वेळ लिहायची. नंबर चुकला की बाहेर. "डबं कोनीपन बगल, नंबर वाच!" हे त्यांचं पालुपद.

सुरुवातीला ग्रुपमध्ये चांगली तीस-पस्तीस माणसं होती. निजामपुऱ्याच्या एका चाचांनी इंजिनापुढे नातवाला उभं करून फोटो टाकला. काकांनी लिहिलं, 'चाचा, पोता हटाओ, नंबर नहीं दिखता.' चाचा नातवासकट गेले. एका मास्तरांनी धुराच्या इंजिनावर 'शुभ सकाळ' लिहून पाठवलं. इंजिन परदेशातलं निघालं, मास्तरांची सकाळ तिथेच संपली. असं करत करत शेवटी दोघे उरलो. काका आणि मी.

माझी रेल्वेची अक्कल विचाराल तर, इंजिन पुढे असतं एवढी. दापोड्याच्या गोदामात मी कारकून आहे. मी कधी फोटोच टाकला नव्हता, म्हणून माझं कधी काही चुकलं नव्हतं. काका मात्र रोज फोटो टाकत आणि खाली लिहीत, 'जाणकारांनी मत द्यावे.' जाणकार म्हणजे मी. मी अंगठा पाठवायचो. हसूही यायचं आणि वाईटही वाटायचं.

गेल्या महिन्यात काका तापाने पडले. चार दिवस ग्रुपवर काही आलं नाही. मला ते बघवेना. रविवारी सकाळी मी स्टेशनवर गेलो, एका कंटेनरगाडीचा फोटो काढला आणि नंबर लिहून टाकला. टाकल्यावर बघतो तर शेवटी सहा आहे आणि मी पाच लिहिलाय! खोडायच्या आत दोन निळ्या खुणा उमटल्या.

आता मला काढणार, म्हणजे ग्रुपमध्ये काका एकटेच. मी वाट बघत राहिलो. दुपार झाली तरी काही येईना, तेव्हा त्यांच्या घरी गेलो.

काका खाटेवर बसले होते. दोन बोटांनी फोटो ताणून नंबर अगदी डोळ्यांसमोर आणला होता. मला बघताच त्यांनी तो परत लहान केला.

"काका, माझा नंबर चुकला."

"न्हाय चुकला."

"अहो, शेवटी सहा आहे. मी पाच…"

"अ‍ॅडमिन तू हायस का मी? पाचच हाय."

इंजिनाच्या नंबराबद्दल काका खोटं बोलले.

काका खिडकीबाहेर बघत राहिले. "साडूला फोन केलता काल," ते म्हणाले. "उचलला न्हाय."

"कामात असतील."

"हां. कामात आसल." मग खाटेवर हात आपटून म्हणाले, "बस की. च्या ठेवतो."

"तुम्ही पडा, मी ठेवतो," म्हणून मी स्वयंपाकघरात गेलो. साखर शोधत होतो, तेवढ्यात माझ्या खिशातला फोन वाजला. ग्रुपवर मेसेज होता. तापातल्या बोटाने, पाच पावलांवरून पाठवलेला: 'उत्तम फोटो. नंबर बरोबर. उद्या पण टाकणे.'