अक्काची चिमूट

सुर्वेकाकांनी आमच्या दाराची बेल वाजवली तेव्हा त्यांच्या हातात सोनाराकडे असतो तसला छोटा वजनकाटा होता. "वहिनी, यावर एक चिमूट मीठ टाका," म्हणाले. मला वाटलं, दृष्ट काढायचा काही नवा प्रकार आहे की काय. टाकलं बाई. त्यांनी आकडा बघितला, मोबाइलमध्ये नोंदवला आणि तोंड वाकडं केलं. समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींची चिमूट म्हणे माझ्या दुप्पट होती. "तुम्ही बायका बसून एक काय ते ठरवून का घेत नाही?" असं मलाच सुनावून गेले लिफ्टने वर, पुढच्या चिमटीच्या शोधात. शारजात अल मजाजच्या आमच्या टॉवरमध्ये मराठी घरं मोजकीच, पण या माणसाने एकही सोडलं नाही.

हे दत्ताराम सुर्वे. पन्नाशी कधीच ओलांडलेली, लग्न केलेलं नाही. पोरं काका म्हणतात म्हणून आम्हीही काकाच म्हणतो. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कारखान्यात ते क्वालिटीचं बघतात. माल काय, तर फरशी पुसायचं लिक्विड. सकाळी ट्रॅफिकला शिव्या घालत जायचं आणि संध्याकाळी त्याच शिव्या उलट दिशेने घालत यायचं. तिथला नियम असा, की प्रत्येक लॉटमधली एक बाटली कपाटात राखून ठेवायची. उद्या तक्रार आली तर ताडून बघायला बरी. काकांनी हा नियम घरी आणला. घरी केलेल्या प्रत्येक भाजीची एक वाटी त्यांच्या फ्रीजमध्ये, वर तारखेची चिठ्ठी. अहो, शिजवणारे तुम्ही, खाणारे तुम्ही, तक्रार करणार कोण, असं मी एकदा विचारलं. कस्टमर एकच आहे म्हणून सिस्टीम सोडायची नसते, असं उत्तर मिळालं.

"अंदाज म्हणजे आळस," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुणी 'येतोच थोड्या वेळात' म्हटलं, की "थोडा म्हणजे किती? फिगर सांगा, फिगर." आणि काम आटपलं की दोन्ही हात झटकून "खलास."

आता अशा माणसाच्या नशिबी बहीण कशी यावी? सगळं अंदाजाने करणारी. आई लवकर गेली, तेव्हा या थोरल्या बहिणीने, अक्काने, त्यांना वाढवलं. ती राहते संगमेश्वरकडे, तिच्या मुलाजवळ. काकांना इथे हवी तिच्या हातची चव. ती लिहून देणारी नव्हे. मुलाच्या फोनवरून लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवायची. मीठ घाल आपलं नेहमीसारखं. खोबरं घे मूठभर, तुझी मूठ नको, माझी. काका कपाळाला हात लावायचे.

मग त्यांना एआय सापडलं. त्याला ते 'माझा कारकून' म्हणायचे. अक्काचा मेसेज कारकुनाला ऐकवायचा, की तो त्यातून तक्ता काढून द्यायचा. साहित्य, प्रमाण, आच, वेळ, कृती, सगळं आपापल्या रकान्यात. चिमटीचे आणि मुठीचे ग्रॅम काकांनी त्याला पुरवले होते. आमच्या चिमटी गेल्या त्या तिथे.

कारकून हुशार, पण त्याला संसार कुठे ठाऊक? पहिल्याच कुळथाच्या पिठीच्या तक्त्यात साहित्याखाली लसूण, मिरची, कोकम, हिंग आणि 'शेजारची सुमन, नग एक' असं आलं. अक्का बोलता बोलता म्हणाली होती, की सुमनला हाक मारून नारळ फोडून घेते. कृतीच्या रकान्यात फोडणीनंतर 'मांजराला हाकलावे' असं होतं. काका प्रिंट घेऊन माझ्याकडे आले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "वहिनी, आपल्याकडे मांजर नाही. ही स्टेप ऑप्शनल धरायची का?" मी हसून हसून ओट्यालाच टेकले. यात हसण्यासारखं काय आहे, ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

त्या दिवशी त्यांनी कारकुनाला कायमची ताकीद दिली. फक्त रेसिपीचं घे, बाकी कचरा गाळ. पुढचे तक्ते कसे एकदम चकाचक. आणि तक्ता हातात आला की काका मूळ मेसेज पुसून टाकायचे, फोन भरतो म्हणून. माल तयार झाला, आता कच्चा माल कशाला, खलास.

एकदा असाच सोलकढीचा मेसेज त्यांनी माझ्या स्वयंपाकघरात लावला होता. मध्येच अक्काचा आवाज जरा खाली आला. ओट्याशी उभ्याने खाऊ नकोस, ताट वाढून घे, असं काहीसं ती म्हणाली. काकांनी बोटाने मेसेज पुढे सरकवला. हे तक्त्यात येत नाही, म्हणाले.

मग अक्काला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, वाचा गेली. समजतं सगळं, शब्द मात्र निघत नाही. काका मिळेल त्या विमानाने गावी गेले, रजा संपली तसे परतले, आणि बॅग घेऊन थेट आमच्याकडेच आले. मी चहा पुढे ठेवला. त्यांनी कपाला हातही लावला नाही.

"वहिनी, मी तुम्हाला अक्काचा एखादा मेसेज फॉरवर्ड केला होता का?"

मी सगळा फोन पालथा घातला. तक्ते होते, भरपूर होते. आवाज एकही नव्हता. भाच्याने मध्येच फोन बदललेला, जुन्यातलं काही नव्यात आलं नव्हतं. कारकुनालाही काकांनी विचारून बघितलं होतं. त्याने माफी मागितली. आवाज त्याच्यापाशी नव्हता, आणि बाकीचं गाळायला तर काकांनीच सांगितलेलं. वर त्याने विचारलं म्हणे, अक्का साधारण काय बोलल्या असतील, ते लिहून देऊ का? काकांनी तिथल्या तिथे फोन बंद केला.

"फरशी पुसायच्या पाण्याची बाटली राखून ठेवतो मी," ते म्हणाले. "प्रत्येक लॉटची. अक्काची एक नाही ठेवली."

इतकी वर्षं ज्यांची टिंगल केली, त्यांच्याकडे बघवेना. मग तो सोलकढीचा दिवस आठवला आणि मी त्यांना सांगितलं, की उभ्याने खाऊ नकोस, ताट वाढून घे, असं अक्का म्हणाल्या होत्या. त्यांनी झटकन वर बघितलं. नेमके हेच शब्द होते का, विचारलं. मी म्हटलं, नेमके नाही हो सांगता येणार, अंदाजे असंच.

"चालेल," ते म्हणाले. "अंदाजे चालेल."

परवा संध्याकाळी त्यांची वाटी परत द्यायला गेले. दार उघडंच होतं. काका टेबलाशी बसले होते, समोर ताट व्यवस्थित वाढलेलं. पाण्याच्या बाटलीला टेकवलेल्या फोनवर अक्का दिसत होती. शेजारी दुसरा फोन, रेकॉर्डिंगला लावलेला. काका हातातला तक्ता वाचत होते.

"कुळथाची पिठी. हिंग, चार चमचे."

फोनमधून रागावलेला आवाज आला, "अंऽऽ, अंऽऽ." मीही तोंड उघडणार होते, पण काकांनी हातानेच मला गप्प राहायला सांगितलं. प्रमाणं त्यांना ग्रॅमसकट तोंडपाठ आहेत. रोज एक तक्ता काढतात आणि मुद्दाम चुकीचा वाचतात, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. अक्का चिडते, आणि चिडली की तिच्या घशातून आवाज निघतो.

"बरं, तीन चमचे?"

"अंऽऽऽ."

"मग तूच सांग किती."

अक्काने बरा असलेला हात उचलला. हळूहळू स्क्रीनपर्यंत आणला आणि बोटं जुळवून चिमूट करून दाखवली. काका त्या चिमटीकडे बघत राहिले. किती ग्रॅम ते त्यांनी विचारलं नाही.

"कळलं," म्हणाले. "एवढंच ना?"